गाडीचा वॉटर पंप: आयुष्य, तपासणी आणि बदली, खान्देशातल्या गाडीवाल्यांसाठी

एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या आसपास गेला की गॅरेजसमोर बॉनेट उघडून उभ्या गाड्या वाढतात आणि सगळा दोष उन्हावर जातो. बहुतेक गाड्यांत इंजिन आणि रेडिएटर यांच्यात पाणी फिरवणारा वॉटर पंप आधीच अर्धा गेलेला असतो. थंडीत ते झाकून जातं, उन्हाळ्यात उघडं पडतं. हिशोब सोपा आहे. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा २५ अंशांवर असेल, तर रेडिएटरला ७० अंशांचा फरक मिळतो. बाहेर ४५ झालं की हाच फरक ५० वर येतो. म्हणजे तेवढाच प्रवाह आणि तेवढीच हवा असूनही उष्णता बाहेर टाकण्याची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी घटते. यंत्रणा धडधाकट असेल तर एवढी तूट ती सहज झेलते, कारण कंपनीनं ती धरलेलीच असते. पंपाची पाती झिजलेली असतील किंवा बेल्ट घसरत असेल, तर झेलायला काही उरत नाही.

पंप मुळात कमकुवत का झाला, याचं उत्तर मात्र आपल्याकडे बहुधा रेडिएटरमध्ये ओतलेल्या पाण्यात सापडतं. म्हणून या लेखात पाण्यावर जास्त लिहिलं आहे.

आत काय असतं आणि आधी काय जातं

पंप म्हणजे ॲल्युमिनियमची किंवा बिडाची बॉडी, मधून जाणारा शाफ्ट, शाफ्टवर सीलबंद बेअरिंग, एका टोकाला पुली आणि दुसऱ्या टोकाला पाण्यात फिरून पाणी पुढे फेकणारा, पात्यांचा इंपेलर. बेअरिंग आणि पाणी यांच्यामध्ये मेकॅनिकल सील असतं. त्यात दोन गुळगुळीत चकत्या, साधारणपणे एक कार्बनची आणि एक सिरॅमिकची, स्प्रिंगच्या जोरावर एकमेकींना चिकटून फिरतात. त्या कोरड्या फिरत नाहीत. त्यांच्यामध्ये कूलंटचा अतिशय पातळ थर असतो, तोच वंगण आणि तोच थंडावा.

सगळ्यात आधी जातं ते हे सील. सील गळलं की पाणी बेअरिंगकडे सरकतं. ते तिथं पोचू नये म्हणून बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं, त्याला वीप होल म्हणतात. गळती आधी तिथून दिसते. काही जण गळती थांबवायची म्हणून हे भोक एमसीलनं बुजवतात. तसं केलं की पाणी थेट बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि थोड्याच दिवसांत पुली हलायला लागते. मग बेल्ट उडतो, आणि ज्या गाड्यांत पंखा पंपाच्याच शाफ्टवर बसवलेला असतो, त्यांत तो पंखा रेडिएटरवर जाऊन आदळू शकतो.

किती किलोमीटर चालतो

कूलंट नीट असेल तर ८० हजार ते दीड लाख किलोमीटर हा सर्वसाधारण पल्ला धरावा. दोन लाखांपर्यंत गेलेले पंपही असतात. साधं पाणी टाकलेल्या गाडीत चाळीस-पन्नास हजारांवर पंप गेला तर नवल नाही. वापर कसा आहे यानंही फरक पडतो. शहरात तासन्‌तास इंजिन चालू ठेवून जागेवर (आयडलवर) उभी राहणारी गाडी किलोमीटर कमी दाखवते, पण पंप मात्र फिरतच असतो.

पंपाला चालवतो कोण, हे आपल्या गाडीपुरतं माहीत असलंच पाहिजे. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं, स्विफ्ट-डिझायरमधलं जुनं १.३ डिझेल यांत टायमिंगला, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राखायला, चेन असते आणि पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो. अशा गाडीत पंप बदलणं हे मध्यम काम आहे. रेनॉ डस्टरचं १.५ डिझेल, फोर्ड फिगो-इकोस्पोर्टचं १.५ डिझेल, फोक्सवॅगन पोलो-व्हेंटोचं १.५ टीडीआय यांत चेनऐवजी टायमिंग बेल्ट असतो आणि पंप त्याच बेल्टवर फिरतो. इथं पंप जाम झाला तर टायमिंग बेल्ट तुटतो किंवा दाते सोडतो, आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडावं लागतं. म्हणून अशा गाड्यांत पंप चांगला आहे की नाही हा प्रश्नच विचारू नये. टायमिंग बेल्ट बदलण्याची वेळ आली की बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) आणि पंप एकदमच बदलावेत. मजुरी एकदाच लागते. हे काम अंगणात करायचं नाही. टायमिंग लॉक करायची हत्यारं असलेल्या मेस्त्रीकडेच द्यावं.

पाणी: खरं कारण इथं आहे

खान्देशात बहुतेक ठिकाणी हाताशी असतं ते बोअरचं किंवा विहिरीचं जड पाणी. कुकरमध्ये, गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर सगळ्यांनी पाहिलेला असतो. तोच कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार इंजिनमध्येही बसतो, आणि सगळ्यात गरम जागी आधी बसतो: हेडमधल्या पाण्याच्या वाटा आणि सीलच्या चकत्या. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तो साचतो. चकत्यांमधला पातळ थर गरम होऊन उडतो, मागे क्षाराचे कण राहतात. हे कण पॉलिश पेपरासारखे काम करतात. चकतीवर एकदा रेघ पडली की ते सील पुन्हा बसत नाही.

त्यात भर म्हणजे काही कूलंटमधली फॉस्फेट किंवा सिलिकेटसारखी संरक्षक द्रव्यं जड पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग पावून गाळ म्हणून खाली बसतात. चांगलं कूलंट आणून बोअरच्या पाण्यात मिसळलं, की कूलंटमधला गंजरोधक भागच वाया जातो. पैसे गेले आणि संरक्षणही गेलं.

मग पाणी कुठलं वापरायचं? डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) वॉटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं तेच. कॅनवर डिमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्ड लिहिलेलं आहे ना, हे वाचून घ्या. शेजारी बॅटरीच्या ॲसिडचाही कॅन असतो. घरच्या आरओचं शुद्ध पाणी अडीनडीला चालेल. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र बोअरपेक्षाही जास्त क्षारांचं असतं, ते चुकूनही टाकू नका. एसीतून टपकणारं पाणी क्षारमुक्त असलं तरी त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश उतरलेले असतात, तेही नको.

कूलंट दोन प्रकारे मिळतं. एक तयार मिश्रण, जसंच्या तसं ओतायचं. दुसरं कॉन्सन्ट्रेट, त्यात निम्मं डीएम पाणी मिसळायचं. डब्यावर ‘प्री-मिक्स्ड’ लिहिलेल्यात आणखी पाणी घालणं ही नेहमीची चूक आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग अर्धंअर्धं कशाला, असं विचारलं जातं. कारण गंजरोधक द्रव्याचं प्रमाण त्या हिशोबानंच ठरवलेलं असतं. शिवाय उत्कलनबिंदू वाढतो. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. अर्धंअर्धं मिश्रण साधारण १०७-१०८ अंशांना, आणि १ बार दाबाचं झाकण घट्ट असेल तर जवळपास १२९ अंशांना. उलट नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतणंही चुकीचं, कारण त्यातलं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवा, लाल, गुलाबी, निळा हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीनं टाकतात. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार आणि डब्यामागचं मानक, उदाहरणार्थ जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६, जुळतंय का ते पाहा. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षांनी किंवा ४० हजार किलोमीटरला बदलतात, लाँग लाइफ प्रकारचं चार-पाच वर्षं चालतं. दोन भिन्न प्रकार एकत्र केले की कधी कधी जेलीसारखा गाळ होतो आणि तो सीलच्या स्प्रिंगमध्ये अडकतो.

रेडिएटरची गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव, आणि काही ठिकाणी हळद टाकायचा उपाय, हे सगळं पंपासाठी वाईट. गळक्या भोकात अडकणारी वस्तू सीलमध्ये आणि हीटरच्या नळ्यांतही अडकते.

रेडिएटरचं झाकण

एवढीशी वस्तू, पण पंपाचं आयुष्य तिच्यावर असतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही. मग इंपेलरच्या मागच्या, पाणी ओढणाऱ्या बाजूला वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढे जास्त दाबात आले की फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूवर सूक्ष्म घाव घालतो. उघडलेल्या पंपाच्या पात्यांवर मुंग्यांनी पोखरल्यासारखे खड्डे दिसले तर झाकण आधी बदला, नाहीतर नवा पंपही त्याच वाटेनं जाईल. आकडा तोच हवा. १.१ चं झाकण ०.९ च्या गाडीला लावून ‘मजबूत’ केल्यानं जुने होज (रबरी नळ्या) फुगतात.

तपासणी कशी करायची

सगळी तपासणी थंड इंजिनवर, सकाळी. उन्हाळ्यात संध्याकाळी उभी केलेली गाडी रात्री आठला थंड झाली असेल असं धरू नका.

रिझर्व्ह टाकीवर कूलंटच्या पातळीला चिकटपट्टी लावा आणि तारीख लिहा. बंद यंत्रणा पाणी ‘पीत’ नाही. महिन्याभरात पातळी बोटभर खाली आली तर कुठेतरी गळती आहे. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर ते उघडून तिथलीही पातळी पाहा, कारण झाकण खराब असलं की टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असं होऊ शकतं.

मग टॉर्च घेऊन वीप होल. कोरडा, फिकट डाग नव्या पंपावरही सुरुवातीला येऊ शकतो, सील बसताना थोडं पाझरतं. पण पांढरी, हिरवी किंवा गुलाबी पापडी जमली असेल, ओल असेल किंवा थेंब लोंबत असेल तर पंप संपला. गाडीखाली थेंब दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. गरम इंजिनवर पडलेलं पाणी जमिनीवर यायच्या आधीच वाळतं, आपल्या उन्हात तर लगेचच.

बेअरिंगसाठी बेल्ट उतरवा आणि पुली वर-खाली, मग डावी-उजवीकडे हलवून पाहा. जाणवेल एवढी हालचाल म्हणजे बदली. हातानं फिरवताना खरखर लागली तरी तेच. बेल्ट न उतरवता हलवून पाहिलं तर बेल्टचा ताण खेळ लपवतो. इंजिन चालू असताना वेगाबरोबर वाढणारा घरघराट पंपाचाच आहे असं लगेच ठरवू नका. अल्टरनेटर आणि आयडलरची बेअरिंगंही तसाच आवाज करतात, म्हणून बेल्ट उतरवून एकेक पुली हातानं फिरवून पाहणं हाच सुरक्षित मार्ग आहे.

गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर असेल तर झाकणाच्या जागी लावून, झाकणावरच्या आकड्याएवढाच दाब देऊन पंधरा मिनिटं ठेवा. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगवर. पंप बदलून ते बरं होणार नाही. थंड इंजिन चालू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, गरम झाल्यावरही मागून पांढरा धूर, डिपस्टिकवर चहाच्या रंगाचं ऑइल ही त्याचीच चिन्हं.

काटा कधी चढतो, त्यावरून

सिग्नलला उभी असताना गरम, हायवेला लागताच ठीक: पंख्याचं किंवा पंख्याच्या रिलेचं काम. शहरात ठीक, पण धुळे-जळगाव रस्त्यावर ऐंशी-नव्वदच्या वेगात काटा चढतो: रेडिएटर तुंबलेला किंवा पंप कमी पाणी फेकतोय. कन्नड घाट, बिजासन घाट किंवा तोरणमाळचा चढ चढताना गरम आणि माथ्यावर लगेच खाली: आधी रेडिएटरच्या जाळ्या पाहा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यांवरचा कापूस आणि मळणीचा भुसा एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो, समोरून दिसत नाही. तो इंजिनकडून पुढच्या बाजूला, कमी दाबाच्या पाण्यानं धुवावा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जाळ्या वाकवतो.

पंप फिरतोय पण पाणी फेकत नाही, हेही घडतं. प्लॅस्टिकचा इंपेलर शाफ्टवर सैल झाला किंवा बिडाची पाती गंजून आखूड झाली, तर बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं. खूण अशी: इंजिन पूर्ण गरम झालंय, हीटर चालू आहे, आयडलवर थंड हवा येते आणि ॲक्सिलरेटर दिला की गरम होते. आधी कूलंटची पातळी पूर्ण आहे याची खात्री करा, कारण हवा अडकली असली तरी असंच दिसतं.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा का

नाही. गरम मुलखात थर्मोस्टॅटची गरज नाही, हा समज गॅरेजोगॅरेजी आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. अनेक इंजिनांत तो उघडताना दुसऱ्या बाजूनं बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करतो. तो काढून टाकला की बायपास कायम उघडा राहतो, काही पाणी रेडिएटरमध्ये न जाता परत इंजिनमध्येच फिरतं, आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त गरम होते. थंडीत उलट इंजिन उशिरा तापतं आणि डिझेल जास्त खातं. शंका असेल तर काढून पातेल्यात पाण्यात बुडवा, गॅसवर तापवा, उघडतो का बघा. उघडत नसेल तर नवा लावा.

बाहेरच्या बेल्टवरचा पंप बदलताना

सामान: गॅस्केट किंवा ओ-रिंगसह पंप, कूलंट, डीएम पाणी, बेल्ट (जुना चिरलेला असेल तर), दोन-तीन होज क्लिप, १०-१२-१३ चे सॉकेट, टॉर्क पाना, पसरट टब, प्लॅस्टिकची खरवडणी. लहान पेट्रोल गाडीत एकूण चार-पाच लिटर, मोठ्या डिझेल गाडीत सात ते दहा लिटर कूलंट लागतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा. इलेक्ट्रिक पंखा चावी बंद असतानाही सुरू होऊ शकतो. खालचा प्लग किंवा खालचा होज सोडून कूलंट टबात घ्या. हे कूलंट गोडसर लागतं आणि विषारी असतं. वाड्यात बकरी, कुत्रा, गुरं असतील तर टब एक मिनिटही उघडा सोडू नका, आणि गटारीतही ओतू नका.

पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच थोडे सैल करा, नंतर पुली हातात फिरत राहते आणि बोल्ट सुटत नाहीत. बेल्टच्या वाटेचा मोबाइलवर फोटो घ्या, मग टेन्शनर ढिला करून बेल्ट काढा. पंपाचे बोल्ट बऱ्याचदा वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ॲल्युमिनियमचा आटा किंवा बॉडी फुटते. पंप चिकटला असेल तर लाकडी हातोडीनं हलकं ठोका; स्क्रू ड्रायव्हर खोचून उचकटू नका, त्या चरातून पुढे कायम गळतं.

इंजिनच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून जुनी पॅकिंग खरवडा, फडकं काढायला विसरू नका. नवा पंप जुन्याशेजारी ठेवून बोल्टची भोकं, पुली बसण्याची उंची, इंपेलरचा व्यास आणि पात्यांची दिशा पडताळा. दिशा उलटी असलेला पंप व्यवस्थित बसतो, पण पाणी मात्र नीट फेकत नाही. सील कोरडं असताना पंप जोरात फिरवून बघायचा मोह टाळा, दोन-चार फेरे हळू पुरेत.

गॅस्केट सिलिकॉनशिवाय लावायचं. ओ-रिंगला कूलंटचा हात फिरवा, पुरे. जिथं कंपनीनं सीलंटच सांगितलंय तिथंही दोन-तीन मिलिमीटरची बारीक रेघ, आणि ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपर्यंत वाळू देणं. भरपूर लावलेला सीलंट आत सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतो. बोल्ट तिरक्या क्रमानं, दोन टप्प्यांत आवळा. ६ मिमीचे बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर, ८ मिमीचे २० ते २५; मॅन्युअलचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा.

जिथं बेल्टचा ताण हातानं द्यायचा असतो, तिथं सगळ्यात लांब पट्ट्यात अंगठ्यानं जोरात दाबल्यावर सुमारे १० मिमी दाबला गेला पाहिजे. किरकिर नको म्हणून तारेसारखा ताणलेला बेल्ट पंप आणि अल्टरनेटर दोघांचीही बेअरिंगं खातो.

भरणं आणि हवा काढणं

यंत्रणा नळाच्या पाण्यानं धुतली असेल तर शेवटचं पाणी डीएमचं असू द्या. धुतल्यावर सगळं पाणी बाहेर येत नाही. सहा लिटरच्या यंत्रणेतून चार लिटर निघालं, तर दोन लिटर डीएम पाणी आतच आहे. अशा वेळी तीन लिटर कॉन्सन्ट्रेट आणि एक लिटर डीएम पाणी टाकलं की अर्धंअर्धं जमतं. तयार मिश्रण ओतलं असतं तर ते पातळ झालं असतं.

हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवेचा स्क्रू असेल तर उघडा, आणि हळू ओता. घाईनं ओतलं की हवा अडकते, आणि अडकलेल्या हवेत पंपाचं नवं सील कोरडं फिरतं. इंजिन आयडलवर चालू करून वरचा होज मधून मधून दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी अचानक खाली जाते, तेवढं भरा. झाकण लावा, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालवा. दुसऱ्या दिवशी सकाळी आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर पातळी, वीप होल, बेल्ट तपासा.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद, हीटर पूर्ण, वेग कमी. पंपाचा बेल्ट तुटला असेल किंवा कूलंट बाहेर पडलं असेल तर इंजिन लगेच बंद करा, ढाब्यापर्यंत नेऊ असा विचार नको. दोन-तीन किलोमीटरमध्ये हेड वाकतं. झाकणाला निदान पाऊण तास हात लावायचा नाही, नंतरही जाड फडक्यानं पाव फेरा फिरवून दाब सोडायचा. तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी एकदम ओतलं तर सीलची सिरॅमिक चकती तडकते, प्रसंगी हेडही. निवल्यावर बाटलीबंद पाणी थोडं थोडं टाका, शेतातल्या बोअरचं नको. गावी पोचल्यावर ते बदलून नीट मिश्रण भरून घ्या.

उभ्या गाड्या

पुण्या-मुंबईला किंवा सुरतला नोकरी, गाडी मात्र गावी वाड्यात झाकलेली, असं बऱ्याच घरी असतं. महिनोन्‌महिने न फिरलेल्या पंपात सीलच्या चकत्या एकमेकींना चिकटतात आणि पहिल्याच स्टार्टला फाटतात. घरी असलेल्या कुणाला तरी पंधरा दिवसांतून एकदा, खालचा होज गरम होईपर्यंत गाडी चालवायला सांगून ठेवा. नुसतं स्टार्ट करून दोन मिनिटांत बंद करण्याचा उपयोग नाही, बॅटरी तेवढी उतरते. अशा गाडीत कूलंट किलोमीटरवर नाही, तारखेवर बदला, आणि ती तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा.